शटरचा हिशेब आधी, चित्रण नंतर

स्वतंत्रपणे माहितीपट काढणाऱ्याने कॅमेऱ्याची सेटिंग्ज ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नयेत. कथन आणि खर्च दोन्ही त्यांवर अवलंबून असतात. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने साध्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. शटर १/५० सेकंद ठेवलं, तर सेन्सरच्या प्रत्येक ओळीला बरोबर दोन आवर्तनांचा प्रकाश मिळतो. १/६० वर हा हिशेब जुळत नाही. ओळी एकामागोमाग वाचल्या जात असल्याने काहींना कमी उजेड मिळतो आणि भिंतीवर काळपट पट्टे उमटतात. म्हणून अशा उजेडात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर हीच जोडी धरावी. उन्हात एवढ्या शटरने चित्र पांढरंफटक होतं. तिथे लेन्सवर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा.

पट्टे सॉफ्टवेअरने काढता येतात आणि गोष्ट दमदार असेल तर प्रेक्षक दोष पोटात घालतात, असं कुणी म्हणेल. दोन्हींत तथ्य आहे. पण हलत्या चेहऱ्यावरचे पट्टे काढताना तपशील पुसट होऊ शकतात, संकलनाचे दिवस वाढतात आणि पदरमोड करणाऱ्याला ते परवडत नाहीत. शिवाय माहितीपटात रिटेक नसतो. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट १४ वर्षांच्या चित्रणातून २०११ साली पूर्ण झाला. अशा कामात सभेत रंगलेलं शाहिराचं गाणं पुन्हा मागता येत नाही. गोष्ट महत्त्वाची असते, म्हणूनच ती टिपणारं यंत्र आधी नीट लावून घेणं ही तिच्याविषयीची पहिली जबाबदारी आहे.