अंकांच्या घरात – भाग ६ : सात इथे नाही

आदिलाबादहून मुदखेडकडे निघालेली गाडी किनवटला पोचेपर्यंत वर्तमानपत्रातला सोपा सुडोकू सहज उरकतो. ‘अवघड’ असा शेरा मारलेला सुडोकू मात्र भोकर मागे पडले तरी अर्ध्यावरच. मग वैतागून एखाद्या घरात अंदाजाने ५ ठोकला जातो. पुढची पंधरा घरे भराभर भरतात, आणि सोळाव्या घरात कुठलाच अंक बसत नाही. चूक नेमकी कुठे झाली, हे तोवर कुणाच्याच ध्यानात राहिलेले नसते.

सुडोकूत हिशेब नसतोच. अंकांच्या जागी आदिलाबादच्या शिवारातली नऊ पिके घेतली, म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा, मूग, उडीद, गहू, मका, तरी कोडे तेच राहील. प्रत्येक रांगेत, स्तंभात आणि तीन बाय तीनच्या चौकटीत प्रत्येक पीक एकदाच, एवढीच अट. म्हणूनच मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी एकाच बाजारात कानी पडणाऱ्या या जिल्ह्यात शब्दकोड्यापेक्षा सुडोकूला गिऱ्हाईक जास्त मिळावे, हे ओघानेच आले.

खेळाचे नाव जपानी, जन्म अमेरिकेतला. हॉवर्ड गार्न्स या वास्तुविशारदाने रचलेले कोडे १९७९ मध्ये ‘नंबर प्लेस’ या नावाने छापले गेले. १९८४ मध्ये ‘निकोली’ या कोडी छापणाऱ्या प्रकाशनाने ते जपानात नेले, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आल्यावर त्याची साथच पसरली. जागतिक सुडोकू स्पर्धा २०१७ मध्ये बंगळुरूलाही भरली होती.

मागच्या भागात प्रत्येक रिकाम्या घरात शक्य असलेले अंक पेन्सिलीने बारीक मांडून ठेवायची सवय लावली. आता त्याच अंकांवर खोडरबर चालवायचा.

समजा, पाचव्या रांगेत १, ३, ५, ९ बसले आहेत आणि पाच घरे रिकामी आहेत. पहिल्या दोन रिकाम्या घरांत फक्त २ आणि ८ शक्य आहेत. तिसऱ्यात ४, ६, ७. चौथ्यात २, ४, ८. पाचव्यात पुन्हा ४, ६, ७. पहिल्या दोघांतला कोण २ आणि कोण ८, हे अजून ठाऊक नाही. ठाऊक असायची गरजही नाही! ती जोडी त्या दोन घरांनी अडवून ठेवली, म्हणजे चौथ्या घरातले २ आणि ८ गेले. उरला ४. एकही अंदाज न करता एक घर भरले.

याच विचाराची थोरली बहीण म्हणजे ‘एक्स-विंग’. नाव विमानासारखे असले तरी काम साधे आहे. दुसऱ्या रांगेत ७ ला दोनच जागा आहेत, तिसरा आणि आठवा स्तंभ. सहाव्या रांगेतही नेमक्या याच दोन. आता दुसऱ्या रांगेतला ७ तिसऱ्या स्तंभात बसला, तर सहाव्या रांगेतल्या ७ ला आठव्यात जावे लागते. उलटे झाले तर उलटे. कोणतीही बाजू खरी ठरो, तिसऱ्या आणि आठव्या स्तंभातला ७ या दोन रांगांच्या बाहेर जात नाही. मग नवव्या रांगेत, तिसऱ्या स्तंभाच्या घरात ‘४ किंवा ७’ असे लिहिलेले असेल, तर तिथला ७ बिनधास्त खोडावा. तिथे ४ आहे.

नवख्यांची फसगत इथेच होते. दोन रांगांत चार कोपरे जुळलेले दिसले की ते हुरळतात, पण त्यांतल्या एखाद्या रांगेत ७ ला तिसरी जागाही शिल्लक आहे हे पाहत नाहीत. ती असेल तर सगळा डाव कोसळतो. कोपरे शोधण्याआधी ‘दोनच का?’ हे मोजावे. आणि ४ लिहून झाला की त्याच्या रांगेतले, स्तंभातले, चौकटीतले बारीक ४ तिथल्या तिथे पुसावेत. हे काम ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याचा कागद दहा मिनिटांत निरुपयोगी होतो.

सुरुवातीला दिलेले अंक थोडे, म्हणजे कोडे अवघड, हा समज मात्र खरा नाही. एकच उत्तर हवे असेल तर किमान १७ अंक द्यावे लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या चमूने संगणकावर प्रचंड तपासणी करून २०१२ मध्ये दाखवून दिले. अशा १७ अंकांच्या कोड्यांतही काही अगदी सोपी निघतात, आणि पंचवीस अंक देऊनही एखादे कोडे घाम फोडते. काठिण्य अंकांच्या संख्येवर नाही, पुढचे पाऊल किती दूरच्या तर्काने सापडते यावर ठरते.

दोनऐवजी तीन रांगा आणि तीन स्तंभ घेतले की एक्स-विंगचा ‘स्वोर्डफिश’ होतो. तिथे प्रत्येक रांगेत अंक तीनही जागी दिसलाच पाहिजे असे नाही, दोन जागाही चालतात. तो पुढच्या आठवड्यात. तोवर एखाद्या जुन्या अंकातले अर्धवट सोडलेले कोडे काढावे, अंदाजाने भरलेली घरे पुसावीत आणि फक्त ७ घेऊन नऊही रांगा तपासाव्यात.