रविवारी न दुखणारे पोट

गेल्या फाल्गुनात, द्राक्षांची तोडणी ऐन भरात असताना, एक आजी साडेतीन वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या विंचूरच्या दवाखान्यात आल्या. रोज सकाळी लेकराचे पोट दुखते, अशी तक्रार होती. मी पोट तपासले, जंतांचे औषध दिले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. आठ दिवसांनी आजी पुन्हा हजर. या वेळी मी त्यांना एक प्रश्न विचारला, जो खरे तर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता : रविवारी दुखते का?

आजी क्षणभर थांबल्या. "नाही डॉक्टरसाहेब. रविवारी तर दिवसभर हुंदडतो."

रविवारी अंगणवाडीला सुटी असते.

अंगणवाडीत त्याला सोडता कसे, असे मी विचारले. आजींनी सरळपणे सांगितले, "खेळण्यात गुंगला की मी हळूच सटकते. सांगून निघाले तर भोकाड पसरतो."

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी हेच केले असेल. मीही माझ्या मुलीच्या बाबतीत केले आहे. आपल्या भागात द्राक्षाची छाटणी, तोडणी किंवा कांद्याची काढणी सुरू झाली की आईबाप पहाटेच मळ्यात जातात आणि लहानग्याचा दिवस आजी-आजोबांच्या हाती येतो. शहरांत नोकरीमुळे तेच घडते. म्हणून हा लेख आईबापांसाठी नसून आपल्यासाठी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. असे पोट दुखणे हे ढोंग नव्हे. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंचे दाट जाळे असते. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, कळ येते. परीक्षेच्या दिवशी आपल्याही पोटात गोळा येत असे. आपण त्याला 'भीती' म्हणू शकत होतो, साडेतीन वर्षांच्या मुलाकडे तो शब्द नसतो. त्याच्याकडे 'पोट' हा शब्द असतो.

आता डोळा चुकवून निघून जाण्याविषयी. मोठ्यांना त्यात सोय वाटते, कारण रडणे ऐकावे लागत नाही. मूल मात्र त्यातून वेगळाच धडा घेते : आपण खेळात रमलो की आपले माणूस नाहीसे होते. मग ते रमणेच सोडून देते. दाराकडे बघत बसते, बाईंचा पदर सोडत नाही. दुसऱ्या दिवशी घरातून निघण्यापूर्वीच पोट दुखू लागते.

त्यापेक्षा निरोप उघडपणे घ्यावा, पण लांबवू नये. जवळ बसावे, डोळ्यांत बघून सांगावे, "आजी आता घरी जाते. तुझी खिचडी खाऊन झाली की न्यायला येते." एवढ्या लहान मुलाला घड्याळातले बारा कळत नाहीत, खिचडी कळते. आणि खिचडीनंतर खरोखरच दारात उभे राहावे. येथे उशीर चालत नाही. ते रडेल, रडू द्यावे. सुरुवातीचे काही आठवडे निरोपाच्या वेळी रडणे हे या वयाला साजेसेच असते, आणि आपण दिसेनासे झाल्यावर थोड्याच वेळात ते खेळू लागल्याचे बाई आपल्याला सांगतील.

"मुलगा असून रडतोस?" हे वाक्य मात्र टाळावे. त्याऐवजी "आजीशिवाय राहायची भीती वाटते ना तुला?" एवढेच म्हणावे. भावनेला नाव मिळाले की ती मुलाच्या थोडी आवाक्यात येते. चिऊ-काऊची गोष्ट आपण शंभरदा सांगितली असेल. पुढच्या वेळी मध्येच थांबून विचारा, "काऊचं घर वाहून गेलं, त्याला कसं वाटलं असेल?" उत्तर ऐकून आपण चकित व्हाल. गुडघे दुखत असतील तर हे खाटेवर पडूनही करता येते. मोबाइलला ते जमत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा अधिक पडदा नको, तोही जितका कमी तितका बरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. रडणारे मूल मोबाइलने गप्प होते, हे खरे. पण रडू आवरायला ते शिकत नाही.

आणखी एक विनंती, थोडी स्वार्थाची. "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील," ही धमकी कृपा करून बंद करावी. तिच्यामुळे माझ्या दवाखान्याच्या पायरीवरच मुले किंचाळतात आणि छाती नीट ऐकता येत नाही.

'अंगणवाडी' या शब्दाकडेही जरा बघा. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तेथे त्यांच्यासोबत कामाला आल्या. पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ओळखीची माती, ओळखीचा आवाज, आणि त्यात हळूहळू मिसळणारी नवी बाई. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. घराचे अंगण आणि शाळेचे अंगण यांतले अंतर मुलाने एका उडीत पार करावे, अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नव्हती. पहिल्या चार दिवसांत आपणही तासभर तेथे बसलो तर काही बिघडत नाही. बाईंना आधी विचारून घ्यावे, इतकेच.

मात्र प्रत्येक पोटदुखीला मनावर ढकलू नये. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, ताप, वारंवार उलट्या वा शौचातून रक्त असेल, लघवीला जळजळ होत असेल, वजन घटत असेल, दुखणे बेंबीपासून दूर एकाच बाजूला असेल, तर त्वरित डॉक्टरांकडे यावे. साधी बद्धकोष्ठताही सकाळी कळ आणते. तसेच मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, नजरेला नजर देत नसेल, किंवा आधी बोलत असलेले शब्द विसरले असेल, तर 'वयाने येईल' म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि आपली शंका पथकाला स्पष्ट सांगावी.

त्या आजींनी सगळे ऐकून घेतले आणि स्वतःची एक युक्ती त्यात घातली. जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा फाडून त्यांनी नातवाच्या खिशात ठेवला. तीन आठवड्यांनी तो सर्दीसाठी आला. मी पोटावर हात ठेवताच त्याने तो बाजूला केला.

"पोट नाही, नाक," तो म्हणाला. तुकडा खिशात आहे का, असे मी विचारले. तो त्याने अंगणवाडीत नव्याने आलेल्या, रडणाऱ्या एका मुलीला दिला होता.