गवती चहाची जोपासना

परसात मोरीचे पाणी जिकडे वाहून जाते तिकडे अळू, केळ आणि गवती चहा लावण्याची आपल्याकडील वहिवाट इतकी जुनी आहे की, तिच्या युक्तायुक्ततेचा विचार सहसा कोणी करीत नाही. अळवाला आणि केळीला ती जागा मानवते यात संशय नाही. परंतु गवती चहाला वाहत्या ओलाव्याची जितकी ओढ, तितकाच साचलेल्या पाण्याचा तिटकारा असल्यामुळे, त्याचा ठोंब तेथे आरंभी जोमाने माजतो आणि पुढे बुडाशी कुजू लागतो. आणि घरच्या मंडळींना हे उमगते ते आधणात टाकावयास हिरवी पात उरली नाही म्हणजे.

शास्त्रज्ञ ज्याला सिंबोपोगॉन सिट्रेटस म्हणतात ते हे बहुवर्षायू गवत. त्याचा आप्तवर्ग मोठा आणि नामांकित आहे. खानदेशच्या डोंगरउतारांवर आपोआप वाढणारे रोशा गवत त्याचेच सगोत्र. त्या रोशाचे तेल भट्ट्या लावून काढीत, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात पोहोचून ते गुलाबाच्या मौल्यवान अत्तरात बेमालूम मिसळले जाई. मलबारातील दुसऱ्या सगोत्राचा लौकिक लिंबासारख्या गंधाचा. हा गंध सिट्रल नामक द्रव्याचा असून, उत्तम तेलात त्याचे प्रमाण शेकडा ७० ते ८० पर्यंत असते. टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनज्ञांनी १८९३ मध्ये सिट्रलपासून आयोनोन सिद्ध करून व्हायोलेट फुलांचा सुगंध प्रयोगशाळेत निर्माण केला, आणि या सामान्य गवताला सुगंधी द्रव्यांच्या कारखानदारीत प्रतिष्ठा लाभली. केरळातील ओडक्कली येथे १९५१ साली त्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्रही निघाले.

हे सांगण्याचे प्रयोजन इतकेच की, आपण पान वापरतो असे वाटले तरी वस्तुतः आपणांस हवे असते ते पानातील पेशींत साठलेले बाष्पनशील तेल; आणि लागवडीपासून पातेल्यापर्यंतचा सारा बंदोबस्त त्या तेलाच्या स्वभावावर बेतला, म्हणजे निराळे नियम पाठ करावे लागत नाहीत. सावलीत पात लांब आणि गर्द हिरवी होते, पण चुरगळली असता वास मंद येतो. म्हणून जागा निवडावी ती दिवसाचा बहुतेक वेळ ऊन मिळणारी. कोकणच्या पावसात आणि देशावरील काळ्या, चिकण जमिनीत वाफा वीतभर उंच करून त्यात शेणखत व थोडी वाळू मिसळावी, म्हणजे निचऱ्याची तजवीज आपोआप होते.

लागवडीत हे गवत क्वचितच फुलावर येते, त्यामुळे बियांची वाट पाहण्यात अर्थ नाही. पावसाळ्याच्या तोंडी जुन्या ठोंबातून मुळांसह फुटवे सोडवावेत, त्यांची पात वीतभर ठेवून वरची छाटावी, लांबलेली मुळेही आखडावीत, आणि दोन-दोन फुटवे दोन फुटांच्या अंतराने लावावेत. फार खोल पुरल्यास ते कुजतात. बूड मातीत घट्ट बसेल एवढीच खोली पुरे.

पुढची खरी मशागत म्हणजे कापणी. झाडावर दया करून पात न कापणे, ही या बाबतीत सर्वांत मोठी हयगय होय. कारण कोवळ्या पानांत तेल अधिक असते आणि पान जून होत जाईल तसतसे ते घटत जाते. लागवडीनंतर सुमारे तीन महिन्यांनी पहिली कापणी करावी, जमिनीपासून चार-सहा बोटे बुंधा राखावा, आणि नंतर दर दोन महिन्यांनी तोच क्रम चालू ठेवावा. पातीची धार बोटाला कापते, म्हणून ती ओढून तोडण्याऐवजी विळीने किंवा कात्रीने कापणे श्रेयस्कर. तांबेऱ्याचे विटकरी ठिपके दिसल्यास तेवढी पात कापून जाळावी. वाळकी पाने बुडाशी साठू दिली नाहीत, तर हवा खेळती राहून असा उपद्रव कमी होतो. उन्हाळ्यात मात्र पाण्यात खंड पडू देऊ नये.

तीन-चार वर्षांनी ठोंबाचा मध्यभाग पोकळ व निबर होऊन पात बारीक येऊ लागते. तेव्हा खत वाढवीत बसण्याऐवजी सबंध ठोंब उपटून फोडावा, मधला जुना भाग टाकून द्यावा आणि कडेचे जोमदार फुटवे नव्या जागी लावावेत. कुंडीत मुळांची दाटी लवकर होत असल्याने ही मुदत वर्षा-दोन वर्षांवर येते.

स्वयंपाकघरातही तेलाचा तोच न्याय लागू. पात आयत्या वेळी कापून, गाठ मारून किंवा चुरगळून आधणात टाकावी आणि लगेच झाकण ठेवावे; उघड्या भांड्यात दीर्घकाळ उकळल्यास घरभर दरवळणारा सुवास हा पेल्यातून वजा झालेला सुवास होय. साठवणीसाठी पात उन्हात न घालता सावलीत वाळवून, हवाबंद बरणीत अंधाऱ्या फडताळात ठेवावी.

मोरीकडेचा ठोंब ज्यांच्या घरी अद्याप तग धरून आहे, त्यांनी पुढील मृगात तो खणून, फोडून, उन्हाच्या उंचवट्यावर हलवावा. एका ठोंबातून निघणारे फुटवे एका कुटुंबाच्या गरजेहून कितीतरी अधिक असतात. तेव्हा उरलेले शेजारी वाटावेत, म्हणजे कधी काळी आपला ठोंब गेलाच, तर बियाण्यासाठी बाजार गाठावा लागत नाही.