बीटा आवृत्ती कुणासाठी असते?

प्रोग्रामिंगची नवी भाषा किंवा जुन्या भाषेची नवी आवृत्ती यायची असली, की आधी ती चाचणीसाठी खुली होते. बडोद्यात पाणीगेटच्या आतल्या गल्लीत राहून सयाजीराव विद्यापीठात संगणक शिकणारा मराठी मुलगा सहसा तिच्या वाटेला जात नाही. बीटा म्हणजे अर्धकच्चा माल, तो परदेशातल्या तज्ज्ञांनी तपासायचा, अशी समजूत असते. ती चुकीची आहे, आणि तिचा तोटा देवनागरीत लिहिणाऱ्यांना जास्त होतो.

आधी ‘अर्धकच्चा’ या शब्दाचं बघू. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते. मे महिन्यात पहिली बीटा निघाली, की नवी वैशिष्ट्यं घेणं बंद होतं. त्यापुढे फक्त दुरुस्त्या. उन्हाळा संपता संपता निघणारी ‘रिलीज कँडिडेट’ म्हणजे रंगीत तालीम. काही बिघडलं नाही तर तीच अंतिम. पण बिघडतं. ३.१३ ही आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ला यायची होती. मेमरी साफ करणाऱ्या नव्या यंत्रणेमुळे काही प्रोग्राम मंदावतात असं दिसलं, तेव्हा ती यंत्रणा ऐनवेळी काढून टाकली, एक जादा कँडिडेट काढली आणि अंतिम आवृत्ती ७ ऑक्टोबरला दिली.

चाचणीत दिसलं म्हणजे ते येणारच, हाही भ्रम. जावाने मजकुरात थेट चलं गुंफायची सोय २१ आणि २२ या आवृत्त्यांत ‘प्रीव्ह्यू’ म्हणून दिली होती. लोकांनी वापरली, आराखड्यातले दोष दिसले, आणि २३मध्ये ती सरळ मागे घेतली. मला यात भाषेचा शहाणपणा दिसतो.

‘कर्त्यांनी सगळं तपासलेलं असतंच’ यात मात्र अर्धं सत्य आहे. रस्ट भाषेकडे क्रेटर नावाचं साधन आहे; ते जगभरातली हजारो उघडी पॅकेजं नव्या कंपायलरवर बांधून बघतं. तरी जुलै २०२४मध्ये रस्टची १.८० ही आवृत्ती आली आणि ‘टाइम’ या लोकप्रिय पॅकेजच्या जुन्या आवृत्त्या बांधल्या जाईनात. गंमत म्हणजे ही मोडतोड आधी दिसली होती. ती चालेल असं माणसांनी ठरवलं. जो कोड उघड्यावर नाही, तुमच्या सोसायटीच्या पाणीबिलाचा किंवा दुकानाच्या उधारीचा, तो तर कुठलंच यंत्र तपासत नाही.

इथेच आपली लिपी येते. गो भाषेत ‘वय’ हे चलाचं नाव चालतं, ‘नाव’ चालत नाही. कारण ‘ना’मधला काना युनिकोडच्या हिशेबी अक्षर नसून जोडचिन्ह आहे, आणि गोच्या नियमात नावाला फक्त अक्षरं आणि अंक चालतात. या नियमाने देवनागरी बाहेर राहते, हे गोचे कर्ते आपल्या प्रश्नोत्तरांत स्वतःच मान्य करतात. शिवाय गोमध्ये पहिलं अक्षर कॅपिटल असेल तरच नाव पॅकेजबाहेर दिसतं; आपल्याकडे कॅपिटल नाहीच. ‘गो १’ ही आवृत्ती मार्च २०१२मध्ये आली, तीही ‘या आवृत्तीत चालणारा कोड पुढे मोडणार नाही’ या वचनासह. असे नियम मऊ असतात ते त्याआधी. १.० म्हणजे भाषा पूर्ण झाली असं लोक समजतात. खरं तर त्या दिवसापासून बदलायची मोकळीक संपत जाते.

पायथनमध्ये ‘नाव’ खुशाल चालतं, ‘१२३’ या मजकुराचा आकडाही होतो. मात्र ‘दुसऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक सरळ ‘ऱ’ आणि हलन्त वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि सांधण्यासाठीची एक अदृश्य खूण घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. तुलनेत मात्र वेगळे निघतात, आणि दुसरा प्रकार चलाच्या नावात आला की पायथन चूक दाखवून थांबतो.

अक्षरं मोजायला गेलं तर आणखी वेगळं. ‘नमस्ते’ची लांबी पायथन ६ सांगतो, यूटीएफ-८मध्ये त्याचे १८ बाइट होतात. स्विफ्टसारख्या भाषा डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजू पाहतात. त्यासाठीचा युनिकोडचा जुना नियम ‘स्’ आणि ‘ते’ वेगळे धरून ४ म्हणे. सप्टेंबर २०२३च्या १५.१ आवृत्तीपासून ‘स्ते’ एकच, म्हणून ३. भाषेने नवा नियम उचलला, की एक ओळही न बदलता तुमच्या प्रोग्रामचं उत्तर बदलतं. लंडनमधल्या परीक्षकाच्या इंग्रजी यादीत हे कधी दिसणार?

म्हणून चाचणी म्हणजे नव्या वैशिष्ट्यांची खेळणी करून बघणं नव्हे. आपला चालता, जुना, कंटाळवाणा कोड नव्या आवृत्तीवर चालवायचा. रोजच्या कामाचं पायथन तसंच ठेवून बीटा शेजारी वेगळी बसवता येते. भीती वाटते तेवढं अवघड नाही. मोडलं तर तोच दोष दाखवणारा सर्वांत छोटा तुकडा काढायचा, आणि काय अपेक्षित होतं, काय झालं, आवृत्ती कुठली, यंत्रणा कुठली, एवढं लिहायचं. इंग्रजी मोडकं असलं तरी कुणी अडवत नाही.

वेळ मात्र बघावी. जूनमध्ये केलेल्या तक्रारीवर आराखडा बदलू शकतो. ऑक्टोबरनंतर साधा दोष असेल तर पुढच्या छोट्या आवृत्तीत निघतो. आराखड्याचाच प्रश्न असेल तर किमान पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागतं.