हरकत मिटेपर्यंत मसुदा अडतो

दूरच्या संगणकावरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडून देणारी एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४मध्ये तयार केली. आज तिची मानके आयईटीएफ ही संस्था ठरवते. संस्थेच्या कार्यगटाने मानकाचा मसुदा पुढे पाठवला, की सुरक्षेसारख्या विषयांचे जाणकार तो तपासतात आणि शेवटी संचालकांचे मंडळ. मंडळाचा ‘कॉमेंट’ हा शेरा म्हणजे सूचना. ‘डिस्कस’ म्हणजे हरकत, ती मिटल्याशिवाय मानक निघत नाही. लेखक मुद्देसूद उत्तर देतात: काय बदलले, काय नाही आणि का. एवढी काटेकोरता लागतेच: सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर फाइलवरचे जुने लॉक कोणाचे, हे मोघम राहिले तर दोन कंपन्या दोन अर्थ लावतील आणि माहिती बिघडेल. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीचे मानक २०००मध्ये आले. २००३ आणि २०१५मध्ये ते सुधारून पुन्हा काढावे लागले.