हात हलवायचा की हलताना दाखवायचा?

गोव्यात शिगम्याच्या मिरवणुकीत डिचोलीच्या रस्त्यावर चित्ररथ येऊ लागले की नजर आधी जाते ती हलणाऱ्या गोष्टीकडे. राक्षस मान वळवतो, जटायूचे पंख वर-खाली होतात, नागाचा फणा उघडतो. रोमटामेळाचे ढोल-ताशे पुढे निघून जातात, पण फण्याखाली काय दडलेय ते वाकून बघणारी पोरे मागे रेंगाळतात. पेडण्यातही तेच. दिवाळीच्या आदल्या रात्री उभे राहणारे नरकासुराचे काही पुतळेही आता हात उगारतात, डोळे फिरवतात.

वाकून बघितले तर दिसतो लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर एक मोटर, मोटरीवर चकती, चकतीच्या कडेला बोल्ट आणि त्या बोल्टापासून हातापर्यंत गेलेला दांडा. एवढ्यावर सारी जादू चालते. वेल्डरच्या डोळ्याने आणि गेल्या वर्षीच्या चुकांच्या आठवणीने हे काम आजवर होत आले. पण शाळेतच कोडिंग आणि रोबोटिक्स शिकलेली मुले आता या मांडवांत आहेत आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. लोखंड कापण्याआधी संगणकावर करून बघायचे तर कशात? फ्रीकॅड, फ्यूजन, सॉलिडवर्क्स अशा यांत्रिक आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, की गोडो, युनिटी, अनरियल अशा गेम इंजिनमध्ये? दोन्हींत वस्तू तिन्ही बाजूंनी फिरवून बघता येते, दोन्हींत ती हलते. म्हणून गोंधळ होतो.

फरक समजायला पेडण्याहून फार लांब जावे लागत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात. बाहुलीचा हात वर जातो, कारण वरून कोणीतरी दोरी ओढली. हात किती जड, खांद्याचा सांधा कसा, याला तिथे फारसे महत्त्व नाही. बघणाऱ्याला तो जिवंत वाटला की झाले. गेम इंजिनात पात्र हलते ते बहुतेक असेच. पात्राच्या आत हाडे बसवतात आणि कोणते हाड कोणत्या क्षणी कुठे असावे ते ठरवून देतात. चित्ररथावर मात्र वर दोरी धरणारा कोणी नसतो. हात वर जायचा तर त्याला खालून ढकलणारे काहीतरी हवे, आणि त्या ढकलणाऱ्याचे माप अचूक हवे.

मापाचीच गोष्ट घ्या. गेम इंजिन वस्तू बनवते त्रिकोणांच्या जाळीने, कारण सेकंदाला साठ चित्रे काढायची तर एका चित्राला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात आणि त्रिकोण झटपट रंगवता येतात. त्यामुळे तिथले वर्तुळ म्हणजे खरे तर बहुभुज. समजा 25 मिलिमीटरचे भोक बारा बाजूंचे काढले आणि त्याचे कोपरे वर्तुळावर ठेवले. समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर 24.15 मिलिमीटरच उरते. पडद्यावर हे कोणाच्याही लक्षात येत नाही. पण लेझर कटिंगवाल्याने तसेच भोक पाडले तर 25 चा शाफ्ट त्यात जाणार नाही. यांत्रिक सॉफ्टवेअर वर्तुळ हे वर्तुळ म्हणूनच, त्याच्या केंद्रासह आणि त्रिज्येसह, लक्षात ठेवते. उद्या शाफ्ट 30 चा मिळाला तर एक आकडा बदलायचा. आराखडा नीट बांधलेला असेल तर भोक, बेअरिंगची बैठक आणि ड्रॉइंग आपोआप बदलते.

आता नरकासुराचा हात. मोटरीच्या चकतीवरच्या बोल्टाचे केंद्रापासूनचे अंतर, म्हणजे क्रँक, 10 सेंटिमीटर. दांडा 40. हाताचा मागचा तुकडा, खांद्यापासून दांड्याच्या जोडापर्यंत, 25. मोटरीचे केंद्र आणि खांदा यांतले अंतर 42. यंत्रशास्त्रात याला चार दांड्यांची जोडणी म्हणतात आणि ग्राशोफ नावाच्या जर्मन अभियंत्याचा नियम तिला लागू पडतो. सर्वांत लहान अधिक सर्वांत मोठा ही बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेहून कमी हवी. इथे 52 आणि 65. क्रँक सर्वांत लहान आहे, म्हणून मोटर गोल फिरत राहते आणि हात साधारण 48 अंशांत झुलतो. कोणी म्हणाले, एवढ्याने काय होते, क्रँक 24 चा करू. मग क्रँक खांद्याच्या उलट दिशेला वळतो तेव्हा बोल्टापासून खांद्यापर्यंत 66 सेंटिमीटर होतात, आणि दांडा व हात सरळ रेषेत ताणले तरी 65 च भरतात. एका सेंटिमीटरने मोटर अडते. भर मिरवणुकीत अडली तर ती जळते किंवा दांडा वाकतो.

वजनाचेही असेच. तीन मीटर लांबीचा, 20 किलोचा हात आडवा धरला तर खांद्यावर सुमारे 300 न्यूटन-मीटरचा पीळ येतो. गाडीच्या वायपरची मोटर त्याच्या जवळपासही पोचत नाही. मागे प्रतिवजन लावावे लागते किंवा हात हलका करावा लागतो. गेम इंजिनात भौतिकीचा हिशेब असतो, पण तो खेळ सुरळीत चालावा म्हणून केलेला. चेंडू उसळतो, पेटी कोसळते. अँगलचे वेल्डिंग कुठे तडकेल हे तो सांगत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याचे शेवटी लोखंड होणार आहे, त्याची सुरुवात यांत्रिक सॉफ्टवेअरमध्ये व्हावी. मुले गेम इंजिनाकडे आधी ओढली जातात, कारण तिथे पहिल्या संध्याकाळीच काहीतरी देखणे हलताना दिसते. ती ओढ मला समजते, पण तिथून परतीची वाट फार अवघड आहे. फ्रीकॅडमधला आराखडा जाळीत बदलून ब्लेंडर या त्रिमित सॉफ्टवेअरमार्गे गोडोत नेणे हे अर्ध्या तासाचे काम. गोडोतली जाळी उलट आणून तिच्यातून नेमके भोक, नेमकी जाडी काढायची तर बहुधा सगळे नव्यानेच आखावे लागते.

पण चित्ररथ म्हणजे नुसते यंत्र नव्हे, तो देखावाही आहे, आणि आराखडा तयार झाला की गेम इंजिनाची पाळी येते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवायचा, रात्र करायची, पथदिवे लावायचे, ट्रेलर चालत्या माणसाच्या वेगाने पुढे न्यायचा. फणा उघडतो तेव्हा तो पुढच्या देवीच्या मूर्तीआड जातो का? लाल दिव्यात निळा रंग काळा पडतो का? वरून गेलेल्या वीजतारा मोजून तिथे मांडल्या तर मुकुट त्यांच्या किती जवळ येतो? हे प्रश्न आराखड्याच्या करड्या पडद्यावर सुचतच नाहीत. संवाद, संगीत आणि हालचाल यांचा मेळ बसवायलाही इंजिनच बरे.

खर्चाची अडचण फार मोठी नाही. फ्रीकॅड मोफत आणि मुक्त आहे, त्याची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली. गोडो मूळचे अर्जेंटिनातल्या दोघांचे, 2014 पासून सर्वांसाठी खुले. युनिटीने सप्टेंबर 2023 मध्ये खेळ किती वेळा इन्स्टॉल केला जातो त्यावर शुल्क जाहीर केले, गदारोळ झाला आणि वर्षभराने ते मागे घेतले. गावच्या मंडळाला त्याची झळ बसली नसती, पण हेच पुढे पोटापाण्याचे साधन करू पाहणाऱ्या मुलाने परवान्याच्या अटी वाचण्याची सवय आताच लावावी.

फ्रीकॅडच्या स्केचरमध्ये चार रेषा टोकाला टोक जोडून काढा. त्यांना 10, 40, 25 आणि 42 ही मापे द्या, 42 ची रेषा जागेवर पक्की करा आणि क्रँकचे दांड्याकडचे टोक माउसने धरून गोल फिरवा. हात झुलताना दिसेल. मग 10 च्या जागी 24 लिहा आणि पुन्हा फिरवा. ते टोक कुठे अडते ते बघा, आणि तो पडदा वेल्डरलाही दाखवा. त्याने ते अडणे खऱ्या लोखंडात अनेकदा पाहिलेले असते.