हौस परदेशी कपड्यांची, हिशोब आधी घरी

परदेशी कपड्यांचे आकर्षण आपल्याकडे जुनेच आहे. पूर्वी आखातात नोकरीला असलेले मामा किंवा अमेरिकेहून आलेली आत्या बॅग उघडायची आणि घरातील मुले भोवती गोळा व्हायची. आता मोबाइलवर चीनमधील कारखान्यांचे कोट, कोरियन धाटणीचे टॉप आणि समारंभात घालायचे गाऊन घरबसल्या दिसतात. किंमतही इथल्या मॉलपेक्षा बरीच कमी वाटते. मग घरातील कॉलेजकन्या म्हणते, ''आई, मागवू या का?''

मागवायला हरकत नाही. मात्र पडद्यावरची किंमत ही फक्त सुरुवात असते आणि दारात आलेला कपडा परत पाठवणे जवळजवळ अशक्य असते. या दोन गोष्टी समजून घेतल्या, तर पहिल्याच ऑर्डरला पस्तावण्याची वेळ येत नाही.

एजंट नेमके काय करतो?

अलीबाबा कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या ताओबाओसारख्या बाजारपेठेतील बहुतेक विक्रेते चिनी भाषेत व्यवहार करतात, तिथल्या पद्धतीने पैसे घेतात आणि माल चीनमधील पत्त्यावर पाठवतात. इथे एजंट मध्ये येतो. ग्राहकाच्या वतीने तो कपडा विकत घेतो, आपल्या गोदामात उतरवतो, त्याचे फोटो आणि वजन कळवतो आणि ग्राहकाने होकार दिल्यावर पार्सल भारताकडे रवाना करतो.

म्हणजे पैसे दोन वेळा द्यावे लागतात. पहिल्यांदा कपड्याची किंमत, गोदामापर्यंतचे भाडे व एजंटची दलाली. दुसऱ्यांदा भारतापर्यंतचे भाडे. काही एजंट दलाली घेत नाहीत, पण युआनचा दर चढा लावतात. म्हणून त्यांचा दर त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून पाहावा.

भारत सरकारने जून २०२० मध्ये शीइन, क्लब फॅक्टरीसह ५९ आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेससह ४३ ऍप्सवर बंदी घातली होती. बंदी असलेले ऍप आडवाटेने वापरा, असे सुचवणाऱ्या एजंटपासून दूरच राहावे.

माप अक्षरांत नको, सेंटिमीटरमध्ये

सर्वाधिक निराशा होते ती मापामुळे. इथे 'एल' बसते म्हणून तिथलेही 'एल' बसेल, असे मुळीच समजू नये. 'फ्री साइज' असे लिहिलेला कपडा बहुधा सडपातळ बांध्याचाच असतो.

सोपा उपाय म्हणजे घरातील नीट बसणारा कुर्ता किंवा शर्ट पलंगावर सपाट पसरावा आणि छाती, खांदा, बाही व उंची टेपने मोजावी. हे आकडे विक्रेत्याच्या तक्त्याशी जुळवावेत. तक्त्यातील छातीचे माप पूर्ण घेराचे आहे की सपाट कपड्याचे, हे एजंटमार्फत विचारून घ्यावे. नाही तर हिशोब दुपटीने चुकतो. हाताने घेतलेल्या मापात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, तोही धरावा.

चिनी कपड्यांच्या लेबलवर अनेकदा १७०/८८ए असे आकडे असतात. पहिला आकडा माणसाची उंची आणि दुसरा छातीचा घेर, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. 'ए' म्हणजे मध्यम बांधा. हे आकडे अंगाचे असतात, कपड्याचे नव्हेत.

गोदामात आहे तोवरच आपला शब्द

सगळ्या व्यवहारात महत्त्वाचा टप्पा हाच. चीनच्या ग्राहक कायद्यात मार्च २०१४ पासून ऑनलाइन खरेदीचा माल सात दिवसांत विनाकारण परत करण्याची सोय आहे. शिवून घेतलेल्या कपड्यांसारखे काही अपवाद तिला आहेत. पण हे सात दिवस माल एजंटच्या गोदामात पोहोचला की सुरू होतात, आपल्या घरी आल्यावर नव्हे.

म्हणून फोटो आले की त्याच दिवशी पाहावेत. टेप लावून काढलेला फोटो, शिवणीचा, चेनचा आणि कापडाच्या लेबलचा जवळून काढलेला फोटो मागावा. थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील. जाहिरातीत 'लोकरीसारखा' दिसणारा कोट लेबलवर निव्वळ पॉलिस्टर निघू शकतो. शंका असेल, तर तिथूनच परत पाठवायला सांगावे. एकदा पार्सल निघाले की परतीचे भाडेच कपड्यापेक्षा महाग पडते.

वजन कपड्याचे की खोक्याचे?

कुरियर कंपन्या केवळ काट्यावरचे वजन पाहत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याच कंपन्या ५००० ने भागतात. आलेला आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल, तर भाडे त्याच आकड्यावर लागते. समजा, दीड किलोचा फुगीर जाकीट ४० × ३० × २५ च्या खोक्यात भरला. भाडे लागेल सहा किलोचे! तोच हवा काढून १० सेंटिमीटर उंचीच्या पाकिटात बसवला, तर हिशोब २.४ किलोवर येतो. बुटांची खोकी काढून टाकण्यास आणि कपडे दाबून बांधण्यास आधीच सांगावे.

सीमाशुल्काला पर्याय नाही

'गिफ्ट' लिहून पाठवतो, कर लागणार नाही, असे आश्वासन काही एजंट देतात. ते जुन्या काळचे आहे. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना मिळणारी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधे एवढेच अपवाद ठेवण्यात आले.

कर केवळ कपड्याच्या किमतीवर नसतो. तीन हजारांचे कपडे आणि दोन हजारांचे भाडे असेल, तर आकारणी पाच हजार आणि विमा यांच्या बेरजेवर होते. त्यावर सीमाशुल्क आणि मग शुल्कासह होणाऱ्या रकमेवर जीएसटी. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डरच्या वेळी चालू दर पाहावा. कर आधी भरल्याबद्दल कुरियर कंपनी वेगळे शुल्कही लावू शकते. ओळखपत्राची प्रतही मागितली जाते.

किंमत कमी दाखवण्याचा मोह टाळावा. सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार खोटी किंमत दाखवलेला माल जप्त होऊ शकतो. नामांकित ब्रँडची नक्कल मागवू नये. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवरही आपल्याकडे निर्बंध आहेत.

पैसे देताना

अनोळखी व्यक्तीच्या खात्यात थेट रक्कम भरू नये. क्रेडिट कार्डाने पैसे दिल्यास माल न आल्यावर बँकेकडे दाद तरी मागता येते. कार्डाची परदेशी व्यवहारांची सोय तेवढ्यापुरती सुरू करावी आणि काम झाल्यावर बंद करावी, कारण अनेक परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही पैसे वळते होतात. बँकेचे परकीय चलनाचे शुल्कही हिशोबात धरावे.

व्हॉट्सऍपवरून 'चीनहून मागवून देते' म्हणणाऱ्या ओळखीच्या ताईंकडेही पावती मागण्यात संकोच कसला?

पार्सलची वाट पाहत असताना 'कस्टममधून बोलतोय, पार्सल अडकले आहे, लगेच पैसे भरा' असा फोन आला, तर घाबरू नये. सीमाशुल्क अधिकारी कर खासगी खात्यात मागत नाहीत. विभागाच्या पत्रावर ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० वर कळवावे. ग्राहक म्हणून मार्गदर्शन हवे असेल, तर १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

पहिल्या ऑर्डरपूर्वी

• एक-दोनच कपडे मागवा. रंग, कापड आणि एजंटचा प्रामाणिकपणा, तिन्हींची परीक्षा होईल.

• किंमत, दलाली, दोन्ही भाडी, विमा, कर आणि बँकेचे शुल्क कागदावर मांडा. बेरीज इथल्या दुकानाच्या भावाजवळ गेली, तर इथेच घ्या.

• दिवाळीसाठी किंवा लग्नासाठी मागवत असाल, तर चीनमधील सुट्ट्या पाहा. १ ऑक्टोबरपासून तिथे राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी असते, तर जानेवारी-फेब्रुवारीत नववर्षामुळे कारखाने आणि कुरियर थंडावतात.

• एजंटशी झालेले सर्व बोलणे जपून ठेवा आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

एवढी काळजी घेतली, तर मुलीची हौसही भागेल आणि महिन्याचे अंदाजपत्रकही कोलमडणार नाही.